रविवर्म्याचा हंस

बदलीच्या प्रत्येक नव्या गावी आमच्या भिंतीवर प्रथम चढते ती राजा रविवर्म्याची लक्ष्मी. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या छापखान्याने तिला मराठी घरांत आणले. ती कमळावर उभी आहे. जवळ माळ धरलेला हत्ती. हत्ती म्हणजे जलभारित मेघ, हा आपला जुना संकेत. पाऊस आणि संपत्ती त्यामुळे एकाच चौकटीत आली. १९०७ साली आनंद कुमारस्वामींनी रविवर्म्यावर कल्पनादारिद्र्याचा ठपका ठेवला. नाटकातल्या पडद्यासारखे त्याचे काही देखावे पाहता तो आम्हांला सर्वस्वी खोटा वाटत नाही. तथापि १८९९ ची ‘हंस-दमयंती’ पाहावी. नल चित्रात नाहीच. आहे तो कठड्यावरचा हंस, न पाहिलेल्या प्रियकराचे वर्णन सांगणारा. तो झाकून पाहिला, तर तांबड्या साडीतली एक श्रीमंत स्त्री तेवढी उरते.