यंत्राला हुकूम पोचायला किती वेळ?

भिवंडीच्या गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे बरेच विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांकडे सरकले आणि हा आवाज आणखी वाढला. यातल्या बहुतेक मागांवर साधे कापड निघते. एक उभा धागा वर, शेजारचा खाली, मधून धोटा जातो. पुढच्या फेरीला याच्या उलट. ही अदलाबदल मागाला कोण सांगते? मागाच्या खालच्या दांड्यावर एका बाजूने फुगीर अशा लोखंडी चकत्या बसवलेल्या असतात. त्यांना कॅम म्हणतात. दांडा फिरला की चकतीची फुगीर बाजू धाग्यांची एक चौकट ओढते, दुसरी सोडते. म्हणजे मागाला दिलेला हुकूम लोखंडातच ओतलेला आहे. हुकूम बदलायचा तर लोखंड बदलायला हवे.

नक्षीचे कापड काढायचे असेल तर मागावर डॉबी बसवतात. तीत लाकडी पट्ट्यांची एक साखळी असते आणि पट्ट्यांना भोके असतात. भोकात खुंटी असेल तर तिची चौकट वर जाते, नसेल तर खालीच राहते. समजा, १६ चौकटी आहेत आणि नक्षी दर ४० आडव्या धाग्यांनी पुन्हा येते. मग ४० × १६ म्हणजे ६४० जागा झाल्या. प्रत्येक जागी ‘खुंटी आहे’ किंवा ‘नाही’ एवढाच निर्णय. संगणकाच्या भाषेत हे ६४० बिट, म्हणजे ८० बाइट झाले. एवढासा हुकूम, पण तो हाताने एकेक खुंटी ठोकून द्यायचा आणि तोवर माग बंद. विणकराची मजुरी मीटरवर असते. माग थांबला की तीही थांबते. एक खुंटी चुकली तर चूक कापड निघाल्यावरच दिसते. मग नवी नक्षी करून पाहण्याची हौस कोण करील?

आज शाळांच्या प्रयोगशाळांत आर्डुइनोसारखे छोटे बोर्ड आले आहेत. संगणकावर आज्ञावली लिहायची, तारेने बोर्डावर चढवायची आणि दिवा लुकलुकतो का ते पाहायचे. पण पुष्कळ ठिकाणी एकेका बदलाला मिनिट-दोन मिनिटे लागतात. पस्तीस मिनिटांच्या तासात मुलांच्या वाट्याला चार-पाच प्रयत्न येतात, आणि चौथ्या प्रयत्नानंतर मुले नवे काही करायला धजत नाहीत. डॉबीपुढे उभ्या असलेल्या विणकराची अडचण हीच आहे. हुकूम यंत्रापर्यंत किती वेळात पोचतो, यावर चुका करून पाहण्याची मुभा अवलंबून असते. म्हणून या वेळेचा इतिहास पाहू या.

भोके पाडलेला पुठ्ठा

फ्रान्समधल्या लिआँ शहरात रेशमी नक्षीकाम चाले. विणकर मागावर बसे आणि त्याचा मदतनीस नक्षीप्रमाणे दोऱ्या ओढी. १७२५ मध्ये बाझिल बुशों याने या दोऱ्या निवडण्यासाठी भोके पाडलेला लांब कागद वापरला. कागद फाटला किंवा एक भोक चुकले तर पंचाईत होई. १७२८ मध्ये फाल्कों याने कागदाऐवजी दोरीने एकमेकांना जोडलेले पुठ्ठ्याचे पत्ते आणले. आता एक पत्ता बिघडला तर तेवढाच बदलता येऊ लागला. ही सुधारणा लहान दिसली तरी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे चिपच्या स्मृतीतही नेमके हेच करावे लागले.

जोझेफ मारी जॅकार्ड याने १८०४ मध्ये आधीच्या कल्पना एकत्र करून नीट चालणारे यंत्र बनवले. त्यामुळे पत्ते तयार असले की नक्षी बदलणे सोपे झाले. मात्र पत्ते तयार करणे सोपे झाले नाही. नक्षी आलेखाच्या कागदावर काढायची, ओळ वाचत भोके पाडायची, पत्ते क्रमाने ओवायचे. १८३९ मध्ये जॅकार्डचे रेशमी चित्र विणले गेले. त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले आणि प्रत्येकावर भोकांच्या हजारावर जागा होत्या. हिशेब केला तर हा हुकूम सुमारे ३० लाख बाइटांचा होतो. म्हणजे वेळ वाचला तो माग चालवण्याचा. तयारीचा वेळ दुसऱ्या माणसाच्या टेबलावर सरकला.

चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हेच पत्ते घ्यायचे ठरवले. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन होलेरिथची पत्ते मोजणारी यंत्रे वापरली गेली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तोही पत्ते वाचत असे. संशोधकाने पत्त्यांचा गठ्ठा द्यायचा आणि आपल्या पाळीची वाट पाहायची. संगणक क्षणात गणित करी, पण एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हा पत्ता, पुन्हा गठ्ठा, पुन्हा रांग.

चिपवरची खिडकी

१९७४ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने टीएमएस १००० हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपवरचा छोटा संगणक, बाजारात आणला. त्याची आज्ञावली चिप बनतानाच कारखान्यात कोरली जाई. भिवंडीच्या साध्या मागाची लोखंडी कॅम आठवा. हुकूम वस्तूच्या घडणीतच बांधलेला.

इंटेलच्या १९७६ च्या ८७४८ या चिपवर काचेसारखी क्वार्ट्झची छोटी खिडकी होती. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश पाडला की जुनी आज्ञावली पुसली जाई आणि नवी भरता येई. पुसायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागत. शिवाय एक आज्ञा बदलायची तरी सगळे पुसावे लागे, चिप बोर्डावरून काढून वेगळ्या यंत्रात भरावी लागे. ज्या शिक्षकांनी अशा चिपा हाताळल्या आहेत, त्यांना खिडकीवर चिकटवायचा कागदी तुकडाही आठवत असेल.

१९९३ मध्ये मायक्रोचिपची पीआयसी१६सी८४ आणि ॲटमेलची एटी८९सी५१ या चिपा आल्या. त्या विजेनेच पुसता येत, दिव्याची गरज नव्हती. पुढे ॲटमेलच्या एव्हीआर चिपांना आपली स्मृती स्वतःच लिहिता येऊ लागली. मग चिपमध्ये ‘बूटलोडर’ नावाची छोटी आज्ञावली कायमची ठेवायची आणि तिने तारेवरून आलेली नवी आज्ञावली स्मृतीत उतरवून घ्यायची. वेगळे यंत्र लागेनासे झाले. इटलीतल्या इव्हरेआ येथे २००३ मध्ये एर्नान्दो बारागान या विद्यार्थ्याने वायरिंग हा प्रकल्प केला आणि त्याच वाटेने २००५ मध्ये तिथेच आर्डुइनो आला.

मग आता वेळ जातो कुठे?

उत्तर अंदाजाने न देता हिशेबाने शोधू. उनो बोर्ड सेकंदाला १,१५,२०० बिट घेतो. एका बाइटला पुढचा-मागचा खुणेचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. १६,००० बाइटांची आज्ञावली १.४ सेकंदांत पोचते. चिप ती १२८ बाइटांच्या ‘पानां’नी लिहिते, फाल्कोंच्या पत्त्यांसारखी. १२५ पाने, प्रत्येकी फार तर ४.५ मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडे जास्त. नीट लिहिले की नाही हे वाचून पाहायला आणखी १.४ सेकंद. सगळे मिळून साडेतीन सेकंदांच्या आत. डॉबीचा तो ८० बाइटांचा हुकूम तर सेकंदाच्या शंभराव्या भागातच पोचेल!

म्हणजे उनोला मिनिट लागत असेल, तर दोष बहुधा तारेच्या वेगाचा नाही. पत्त्यांच्या काळातले निरीक्षण इथे उपयोगी पडते: वेळ तयारीत जातो. संगणकाला आपली आज्ञावली चिपच्या भाषेत उतरवावी लागते. पहिल्या वेळी तो सोबतचे सगळे भागही उतरवतो, नंतर न बदललेले भाग पुन्हा वापरतो. जुना संगणक आणि प्रत्येक नवी फाइल तपासणारा अँटिव्हायरस असेल तर हा वेळ फार वाढतो. पडद्यावरचे फक्त ‘बरोबर’चे बटण दाबून वेळ मोजा, तो तयारीचा वेळ.

दुसरा टप्पा ओळख पटवण्याचा. बोर्ड पुन्हा सुरू होतो आणि बूटलोडर थोडाच वेळ वाट पाहतो. दोघांचा वेग जुळला नाही तर संगणक पुन्हा पुन्हा हाका मारत राहतो आणि शेवटी चूक दाखवतो. स्वस्त नॅनो बोर्डांत हे वारंवार घडते, कारण त्यांतल्या पुष्कळांत ५७,६०० वेगाचा जुना बूटलोडर असतो. यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडले की प्रश्न सुटतो. विंडोजवर ब्लूटूथची नको असलेली पोर्ट असतील तर ती चाचपण्यातही वेळ जातो. ब्लूटूथ बंद करून पाहावे.

तारेचा वेग खरोखर आड येतो तो वायफाय असलेल्या ईएसपी बोर्डांत. त्यांची आज्ञावली काही लाख बाइटांची असते. तिथे ९,२१,६०० हा वेग निवडला तर गती आठपट होते; चुका येऊ लागल्या तर आधी तार बदलावी, मग वेग एक पायरी उतरवावा.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. घड्याळ घेऊन तयारी, ओळख, पाठवणी असे तीन रकाने मुलांना भरू द्यावेत, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि फरक लिहावा. भिवंडीच्या परिसरातल्या शाळांना तर आणखी एक रकाना जोडता येईल. ओळखीच्या एखाद्या कारखान्यात जाऊन डॉबीवर नवी नक्षी बसवायला किती वेळ लागतो, तो कोणत्या कामात जातो आणि तेवढ्या वेळात विणकराचे किती मीटर कापड बुडते, हे त्यालाच विचारावे.