मातीचे डोहाळे

‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’वरून आला. गर्भवतीची इच्छा मारली तर बाळाला अपाय होतो, असे सुश्रुतसंहिता सांगते. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा राणी माती खाते. कालिदासाला त्यात भावी पुत्राच्या पृथ्वीभोगाची खूण दिसते.

वैद्यांची नजर वेगळी होती. चरकसंहितेने पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले, त्यांतला एक माती खाण्याने होणारा. आजचे वैद्यकशास्त्र या सवयीला ‘पायका’ म्हणते. 2013 च्या ‘डीएसएम-5’मध्ये ती आहारविकारांत मोडते, मात्र समाजमान्य रीत असेल, तर तेवढ्यावरून विकार ठरवत नाहीत. लोहाची कमतरता आणि ही ओढ यांचे नाते दुहेरी आहे: रक्त कमी झाले की माती खावीशी वाटते, आणि काही प्रकारची माती अन्नातले लोह अंगी लागू देत नाही.

आमच्या अनसिंग परिसरात चुलीची माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खाणाऱ्या बाया आहेत. पोटुशी असताना घरचे त्याला कौतुकाने ‘डोहाळे’ म्हणतात. एरवी तीच ‘वाईट खोड’ ठरते आणि बाई लपून खाते. दोन्ही वेळा रक्त तपासायचे राहून जाते. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ओटी जरूर भरावी. त्याआधी हिमोग्लोबिन तपासावे.