रिओतले तीन तास

(सगळ्या वेळा भारतीय घड्याळाच्या. रिओ दि जानेरो आपल्यापेक्षा साडेआठ तासांनी मागे.)

१२ फेब्रुवारी २०१६, गुवाहाटी

दक्षिण आशियाई स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन कविता राऊतने २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत जिंकली. ऑलिंपिकसाठी २ तास ४५ मिनिटांची पात्रता वेळ होती. कविता त्या वेळेच्या आत सहा मिनिटं राखून आली आणि रिओचं तिकीट नक्की झालं.

नाशिककरांना कविता कोण हे सांगायला नको. त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलच्या बाजूला, गुजरातच्या सीमेजवळ सावरपाडा आहे. तिथली ही आदिवासी मुलगी. पावसाळ्यात त्या डोंगरांवर धो धो कोसळतं आणि उन्हाळ्यात तिथल्याच बायकांना हंडे घेऊन मैलभर चालावं लागतं. लहानपणी कविताच्याही वाट्याला ते पाणी आणणं आलं, आणि अनवाणी पायांना पळण्याची सवय लागली. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी तिला घडवलं. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर भारतीय महिलेचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, तेही प्रीजा श्रीधरनच्या मागे सेकंदभराच्याही कमी अंतराने. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आलं. २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला.

रिओच्या मॅरेथॉनसाठी एकूण चार भारतीय महिला पात्र ठरल्या : ओ. पी. जैशा, ललिता बाबर, सुधा सिंग आणि कविता. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता आणि उत्तर प्रदेशची सुधा यांनी तीन हजार मीटर स्टीपलचेस निवडली. त्यामुळे मॅरेथॉनला उरल्या दोघी, केरळच्या वायनाडची जैशा आणि नाशिकची कविता. जैशाने आदल्या वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत २ तास ३४ मिनिटं ४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. तरीही तिला मनापासून धावायचं होतं १५०० मीटर. मॅरेथॉन आपल्यावर लादली गेली, असं तिने नंतर उघडपणे सांगितलं.

पुढे जे झालं त्याचं मूळ मला इथेच दिसतं. बेचाळीस किलोमीटर जी धावणार, तिच्या इच्छेचा प्रश्न शर्यतीच्या कितीतरी आधी बाजूला पडला होता.

१३ ऑगस्ट

ललिता बाबरने स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठली. १९८४ मध्ये पी. टी. उषा लॉस एंजेलिसला अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ललिता ही पहिली भारतीय महिला. भारतीय पथकाचं सगळं लक्ष तिच्याकडे वळलं, आणि ते वळायलाच हवं होतं.

ललिता आणि जैशा या दोघींचे प्रशिक्षक एकच, बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह. कडक शिस्तीचे, हट्टी, आणि निकाल देणारे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींनी भारताला पदकं दिली, हे नाकारता येत नाही.

शर्यतीच्या आधी

मॅरेथॉनमध्ये पाण्याची व्यवस्था दोन प्रकारची असते. नियमाप्रमाणे साधारण दर पाच किलोमीटरला खाण्यापिण्याचं टेबल असतं आणि त्यांच्या मधल्या टप्प्यांवर पाणी व ओले स्पंज. हे सगळं आयोजक देतात. दुसरी सोय खेळाडूच्या स्वतःच्या बाटल्यांची. त्यात तिच्या पोटाला सोसेल असं साखर-मिठाचं पेय असतं. त्या बाटल्या आधी आयोजकांच्या ताब्यात द्यायच्या, मग त्या ठरलेल्या टेबलांवर देशाच्या नावाखाली मांडल्या जातात. टेबलामागे त्या देशाची जास्तीत जास्त दोन माणसं उभी राहू शकतात आणि धावत येणाऱ्या खेळाडूच्या हातात बाटली ठेवू शकतात.

दिसायला ही किरकोळ गोष्ट आहे. पण उन्हात जोरात धावणारं शरीर तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त घाम गाळतं. घामाबरोबर मीठ जातं, रक्त दाटतं, तेवढंच रक्त फिरवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. स्नायूंमधला साखरेचा साठा तिशीच्या आसपासच्या किलोमीटरला संपत येतो. त्या वेळी नुसत्या पाण्याने भागत नाही, साखर आणि मीठ पोटात जावं लागतं. स्वतःची बाटली लागते ती यासाठी.

भारतीय पथकाने या बाटल्यांबद्दल विचारलं होतं का? भारतीय ॲथलेटिक्स महासंघाचं म्हणणं, विचारलं होतं आणि नको असं उत्तर मिळालं. कवितानेही सांगितलं की तिला विचारणा झाली आणि तिने स्वतः नकार दिला. जैशाच्या बाबतीत मात्र उत्तर प्रशिक्षकाने दिलं, आणि तिच्या सांगण्यानुसार तिला कोणी विचारलंच नाही. म्हणजे प्रश्न विचारला गेला आणि उत्तरही मिळालं, पण जिला तहान लागणार होती तिच्यापर्यंत तो पोचला नाही.

१४ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळी ६.००

रिओत सकाळचे साडेनऊ. कार्निव्हलच्या मिरवणुका जिथे निघतात त्या सांबाड्रोममधून १५७ महिला सुटल्या. आकाश निरभ्र, ऊन चढतं.

इकडे नाशिकला श्रावणातली एकादशी. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात गोदावरीला मोठा पूर येऊन गेला होता आणि घाटांवरचा गाळ अजून ताजा होता. दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार आणि स्वातंत्र्यदिन एकत्र. जिल्ह्याची मुलगी ऑलिंपिकच्या रस्त्यावर होती.

७.०० ते ८.००

मार्ग ग्वानाबाराच्या उपसागराच्या कडेने, त्याच रस्त्याच्या पुन्हा पुन्हा फेऱ्या घालणारा. सावली थोडी. पुढे केनिया, इथिओपिया आणि बाहरीनच्या मुलींचा घोळका एकमेकींवर नजर ठेवून पळत होता.

जैशाने नंतर जे सांगितलं ते याच रस्त्याबद्दल. इतर देशांची माणसं ठरावीक अंतरावर आपापल्या धावपटूंना पाणी, पेयं, स्पंज देत होती. भारताच्या नावाची टेबलं रिकामी होती, त्यांवर फक्त देशाचं नाव आणि झेंडा. आपल्याला अधिकृत पाणी दर आठ किलोमीटरला एकदाच मिळत होतं, असं ती म्हणाली. आयोजकांची व्यवस्था नियमाप्रमाणे त्याहून जवळजवळ होती, असं महासंघाने उत्तर दिलं. टेबलं कुठे होती यावर पुढे बराच वाद झाला. पण तिथे तिची बाटली घेऊन भारताचं कोणी उभं नव्हतं, यावर वाद झाला नाही.

मॅरेथॉनमध्ये जितकं मागे पडाल तितकं ऊन जास्त वाट्याला येतं. पहिल्या क्रमांकाची मुलगी दुपारी बाराच्या आत सावलीत पोचते. शंभराव्या क्रमांकाची मुलगी अजून अर्धा तास, तेही डोक्यावर सूर्य असताना, पळत असते. सर्वांत जास्त पाणी लागतं ते मागच्यांना, आणि त्यांच्याकडे पाहायला कोणी थांबलेलं नसतं.

८.२४

केनियाची जेमिमा सुमगाँग २ तास २४ मिनिटं ४ सेकंदांत जिंकली. बाहरीनची युनिस किर्वा दुसरी, इथिओपियाची मारे दिबाबा तिसरी. (पहिल्या दोघींवर पुढे उत्तेजक सेवनाबद्दल बंदी आली.) जर्मनीच्या जुळ्या हानर बहिणी बऱ्याच मागाहून हातात हात घेऊन आल्या, तर एकत्र उतरलेल्या एस्टोनियाच्या तिळ्या लुइक बहिणींची सगळीकडे छायाचित्रं छापून आली. त्या दिवशीच्या बातम्या यांच्याच झाल्या. जैशा आणि कविता अजून रस्त्यावर होत्या.

८.४७

जैशा आली. २ तास ४७ मिनिटं १९ सेकंद, ८९ वा क्रमांक. स्वतःच्या विक्रमापेक्षा साडेबारा मिनिटं उशिरा. बीजिंगला तिने एक किलोमीटर सरासरी ३ मिनिटं ४० सेकंदांत कापला होता, इथे त्यालाच ३ मिनिटं ५८ सेकंद लागले. रेषा ओलांडली आणि ती कोसळली. शुद्ध हरपली. तिला रुग्णालयात नेलं, आणि शुद्धीवर यायला दोन-तीन तास गेले असं सांगितलं गेलं.

ऑलिंपिकमधली महिलांची पहिली मॅरेथॉन १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला झाली. त्या दिवशी स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये वाकडी-तिकडी, एक हात लोंबकळत, शुद्ध हरपल्यासारखी आली. शेवटची फेरी पुरी करायला तिला जवळजवळ पावणेसहा मिनिटं लागली. तिच्याकडून पाण्याचं शेवटचं टेबल चुकलं होतं. एक टेबल चुकलं की काय होतं हे साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिलं होतं.  बत्तीस वर्षांनंतर आपण मात्र त्याच रस्त्यावर, रिकामं टेबल घेऊन उभे होतो.

८.५९

नऊला अर्धं मिनिट कमी असताना कविताने रेषा ओलांडली. २ तास ५९ मिनिटं २९ सेकंद, १२० वा क्रमांक. गुवाहाटीपेक्षा जवळजवळ एकवीस मिनिटं जास्त. प्रत्येक किलोमीटरला अर्धं मिनिट. १५७ पैकी १३३ जणी शेवटपर्यंत पोचल्या. बाकीच्या चोवीस जणींनी वाटेतच शर्यत सोडली.

कविताने तक्रार केली नाही. आपण मागितलं नव्हतं, हे तिने प्रामाणिकपणे सांगितलं. तिच्या या बोलण्यामुळे जैशा खोटी ठरते असं त्या दिवसांत अनेकांनी लिहिलं. मला ते पटत नाही. एकीने स्वतः नको म्हणणं आणि दुसरीच्या वतीने कोणी नको म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि जिने नको म्हटलं, तिला त्या उन्हाची, त्या मार्गाची, तिसाव्या किलोमीटरनंतर काय होतं याची कल्पना देऊन मगच विचारलं गेलं का, हा प्रश्न त्या वादात कोणी लावून धरला नाही. एकवीस मिनिटांचा फरक काही आपोआप पडत नाही.

रात्री ९ नंतर

रुग्णालयात जैशाच्या प्रकृतीवरून स्नेसारेव्ह आणि डॉक्टर यांच्यात खटका उडाला. धक्काबुक्की केल्याच्या तक्रारीवरून रिओच्या पोलिसांनी स्नेसारेव्ह यांना काही तास अडकवून ठेवलं, अशा बातम्या आल्या. त्यांची दुसरी शिष्या दुसऱ्या दिवशी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावणार होती.

१५ ऑगस्ट

ललिता ९ मिनिटं २२.७४ सेकंदांत दहावी आली. मोहीत आणि साऱ्या महाराष्ट्रात आनंद झाला. तो खराच होता. आदल्या दिवशीची मॅरेथॉन त्या आनंदात मागे पडली.

पुढचे दिवस

जैशा मायदेशी परतून बोलली तेव्हा आठवडा उलटला होता. देशभर संताप उसळला. महासंघाने खुलासा काढला, पाणी देणं ही आयोजकांची जबाबदारी, आणि वैयक्तिक पेयं नको असं आम्हाला सांगितलं गेलं. क्रीडामंत्री विजय गोयल यांनी दोन सदस्यांची चौकशी समिती नेमली. त्याच सुमाराला सुधा सिंगला आणि पाठोपाठ जैशालाही स्वाइन फ्लू झाल्याचं निदान झालं. जैशा शर्यतीच्या दिवशीच आजारी होती का, हे ठरवायला मार्ग नाही. पण ती शक्यता धरली तर प्रश्न आणखी गंभीर होतो. मग तिच्या तोंडून एक वाक्य ऐकणं, ‘आज अंगात बरं वाटत नाही’, हे पाण्याइतकंच गरजेचं होतं.

महासंघ म्हणाला प्रशिक्षक, प्रशिक्षकाच्या बाजूचे म्हणाले महासंघ, आयोजकांकडेही बोट दाखवून झालं. स्नेसारेव्ह यांचं ५ मार्च २०२१ रोजी पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत निधन झालं. आता सगळा दोष त्यांच्या माथी मारणं सोपं आहे, आणि म्हणूनच ते करू नये. प्रशिक्षक हट्टी असू शकतो. पण खेळाडूचं उत्तर खेळाडूकडूनच घ्यायचं, ते लिहून घ्यायचं आणि मागितलं असो वा नसो, रस्त्यावर आपलं माणूस उभं करायचं, एवढी पद्धत पथकाकडे असायला हवी होती. ती नव्हती. माझ्या मते या आपत्तीचं कारण हेच.

पुढच्या वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत नाशिक जिल्ह्याचीच मोनिका आथरे मॅरेथॉन धावली. ऑलिंपिकच्या मॅरेथॉनला मात्र, टोकियोला आणि पॅरिसला, एकही भारतीय महिला उभी राहिली नाही.

हरसूल, पेठ, सुरगाणा, कळवणच्या पाड्यांवरून आजही मुली पहाटे धावायला निघतात आणि त्यांना जिल्ह्याच्या, राज्याच्या शर्यतींना नेणारे शिक्षक आणि प्रशिक्षक नाशिकमध्ये आहेत. त्यांना एवढीच विनंती आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी मुलीला समोर बसवा, मार्ग समजावून सांगा, कुठे काय प्यायला हवं ते तिलाच विचारा. ती संकोचाने ‘नको’ म्हणाली तरी बाटली घेऊन त्या वळणावर स्वतः उभे राहा.