तयारी मुलाची की शाळेची?

जून महिना जवळ आला, की ज्या घरातले मूल पहिल्यांदा शाळेत जाणार असेल, तिथे तयारीची धांदल उडते. अंक, मुळाक्षरे, रंगांची नावे पाठ करून घेतली जातात. आम्हीही आमच्या मुलीच्या बाबतीत हेच केले. साडेतीन वर्षांची मुलगी वीसपर्यंत अंक घडाघडा म्हणू लागली, तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला! पण एके दिवशी 'पाच चिंचोके दे' म्हटल्यावर तिने मूठभर चिंचोके आमच्या हातावर ठेवले. अंकांचा क्रम पाठ असणे वेगळे आणि पाच म्हणजे किती हे कळणे वेगळे. प्रयोगशाळेत रोज मोजमापे घेणाऱ्या आम्हाला हे घरात मात्र सुचले नव्हते. मग शाळेसाठी 'तयार' मूल म्हणायचे तरी कोणाला? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि तो शिक्षकांच्या उपयोगाचा आहे.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी एक चाचणी तयार केली. शाळेत ज्यांना जादा मदत लागेल, अशी मुले ओळखणे हा तिचा हेतू होता. १९०८ च्या सुधारित चाचणीत त्यांनी प्रश्नांची वयानुसार मांडणी केली आणि त्यातून 'मानसिक वय' ही कल्पना पुढे आली. पुढे हीच कल्पना मोजपट्टीसारखी वापरली जाऊ लागली. अमेरिकेत शिकागोजवळच्या विनेट्का येथे माबेल मॉर्फेट आणि कार्लटन वॉशबर्न यांनी पहिलीतील मुलांचे मानसिक वय आणि त्यांची वाचनातील प्रगती यांचा मेळ घालून पाहिला. १९३१ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की मानसिक वय साडेसहा वर्षे होईपर्यंत वाचन शिकवण्याची घाई करू नये. आकडा सुटसुटीत असल्यामुळे तो लोकांच्या मनात चांगलाच रुजला.

सहा वर्षांनी, १९३७ मध्ये, आर्थर गेट्स यांनी वेगवेगळ्या पद्धतींनी शिकवल्या जाणाऱ्या वर्गांची तुलना केली. जिथे वाचनाचे साहित्य भरपूर होते आणि प्रत्येक मुलाकडे लक्ष दिले जात होते, तिथे पाच वर्षे मानसिक वयाची मुलेही वाचू लागली होती. जिथे सर्वांना एकाच साच्यातून शिकवले जात होते, तिथे त्याहून मोठी मुलेही अडखळत होती. पहिल्या अभ्यासात एकच गोष्ट मोजली गेली होती, ती म्हणजे मूल. शिकवण्याची पद्धत बदलली तर काय होईल, हे तिथे तपासलेच गेले नव्हते. प्रयोग करणाऱ्या कोणाच्याही हातून होऊ शकेल अशी ही चूक आहे, म्हणून ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

गेट्स यांनी जे आकड्यांनी दाखवले, तेच आपल्याकडे दोन शिक्षिकांनी प्रत्यक्ष कामातून दाखवले. ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करू लागल्या. माँटेसोरी पद्धतीचे मर्म त्यांनी तिथे जाणले. पण त्या पद्धतीची साधने महाग होती आणि खेड्यातल्या शाळेला ती परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पाने, बिया, खडे, शिंपले हेच तिथे शिकवण्याचे साहित्य झाले.

दलित वस्तीतली मुले मात्र बालवाडीत येत नव्हती. 'पालकांना आस्था नाही' असे म्हणून विषय मिटवता आला असता. त्याऐवजी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' हा शब्द या कामातून आला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो देशभर पोचला.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या वारली मुलांची अडचण वेगळी होती. थोरली मुले धाकट्या भावंडांना सांभाळत, म्हणून शाळेत येऊ शकत नसत. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून 'विकासवाडी' उभी केली गेली. भावंड पाळणाघरात सुखरूप राहू लागले आणि थोरली बहीण शेजारच्या वर्गात बसू लागली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले आणि तिला 'कुरणशाळा' म्हटले गेले. या सर्व उदाहरणांत मूल होते तसेच होते. तयारी केली ती शाळेने.

पुढे धोरणांतही या विचाराच्या खुणा दिसू लागल्या. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळाप्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली. २०२१ मध्ये 'विद्याप्रवेश' हा पहिलीच्या आरंभीचा तीन महिन्यांचा, खेळांवर आधारलेला कार्यक्रम आला. ज्या मुलांना बालवाडी मिळाली नाही, त्यांना या तीन महिन्यांचा मोठा आधार होऊ शकतो.

म्हणून पालकांनी 'काय तयारी करून घेऊ?' असे विचारले, तर आम्ही सांगतो: मुलाशी भरपूर बोला, गोष्टी सांगा, ताटल्या मांडताना मोजायला लावा, बटण लावणे व हात धुणे त्याचे त्याला करू द्या. शिक्षकांना मात्र आमचा उलट प्रश्न आहे. येत्या जूनमध्ये येणाऱ्या मुलांची नावे आपल्याला आधीच ठाऊक आहेत का? ती घरी कोणती बोली बोलतात? अंगणवाडीच्या ताईंना आपण एकदा तरी भेटलो आहोत का? पाणी कुठे प्यायचे आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे पहिल्या दिवशी त्यांना कोण दाखवणार? यांची उत्तरे मे महिन्यातच शोधता येतील. त्यासाठी कोणत्याही चाचणीची गरज नाही.