वनोत्पादन संशोधन, पदवीपूर्व उन्हाळी

पदवीपूर्व विद्यार्थ्यांना सुटीत लाकूड व तज्जन्य पदार्थांच्या शाश्वत उपयोगावर प्रत्यक्ष संशोधन करू देणारा प्रशिक्षणक्रम. अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९८७ मध्ये पदवीपूर्व संशोधनानुभव योजना सुरू केल्यावर अशा उपक्रमांना नियमित आधार मिळाला. विद्यार्थी साधारणतः १० आठवडे विद्यावेतनावर काम करतो. लाकडात शुष्क वजनाच्या ४०–५०% सेल्युलोज व सु. २०–३०% लिग्निन असते. [→ लाकूड, सेल्युलोज]. रासायनिक लगदानिर्मितीत वेगळे झालेले लिग्निन बहुतांशी जाळले जाते; त्यापासून आसंजके व कार्बन तंतू मिळविणे, तसेच नॅनोसेल्युलोज हे प्रमुख अभ्यासविषय. [→ कागद]. योजनेचे विद्यावेतन अमेरिकी नागरिक व कायम रहिवाशांपुरतेच असल्याने परदेशी विद्यार्थ्यांच्या आदानप्रदानासाठी निराळा निधी उभारावा लागतो. अमेरिकी विद्यार्थ्यांना मात्र योजनेतूनच परदेशी प्रयोगशाळांत पाठविता येते.