हरलेला कॅप्टन, कोच झाला तेव्हा

आपल्या भंडाऱ्यात रणजी म्हटलं की टीम एकच, विदर्भ. १९५७-५८ पासून खेळतोय, पण साठ वर्षं फायनलचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. २०१७ मध्ये कोच म्हणून आले चंद्रकांत पंडित. मुंबईचे विकेटकीपर, आचरेकर सरांचे शिष्य, भारताकडून पाच टेस्ट. शिस्तीला भलतेच कडक.

त्याच सीझनला इंदूरच्या फायनलमध्ये रजनीश गुरबानीनं हॅट्ट्रिक घेतली. अक्षय वाडकरनं पहिलं फर्स्ट क्लास शतक ठोकलं, तोही विकेटकीपरच बरं का! १ जानेवारी २०१८ ला दिल्लीला नऊ विकेटनी हरवून रणजी आपल्याकडे आली. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्रला हरवून पुन्हा.

पण मला खरी गोष्ट वाटते ती १९९९ ची. पंडित तेव्हा मध्य प्रदेशचे कॅप्टन. बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर फायनल, कर्नाटकवर पहिल्या डावात ७५ रनांची आघाडी, आणि तरी मॅच गेली! आघाडी घेऊन हरणं जास्त बोचतं, असं माझं मत. खेळाडू म्हणून ते उट्टं काढायची संधी काही मिळाली नाही.

विदर्भानंतर ते त्याच मध्य प्रदेशचे कोच झाले. जून २०२२, फायनल परत चिन्नास्वामीवर. समोर त्यांचीच मुंबई. मध्य प्रदेश सहा विकेटनी जिंकला, राज्याची पहिलीच रणजी. आणि हे कडक पंडित सर मैदानात चक्क रडले.