रंगूची सुलोचना होते तेव्हा

कोल्हापूरच्या भवानी मंडपाच्या कमानीतून बाहेर या आणि खिशात हात घाला. मोबाइल लागत नाही. हाताला येतात दोन आणे आणि एक नवाकोरा भोकाचा पैसा. म्हणजे साल १९४३. लढाईमुळे तांबं महाग झालंय, म्हणून सरकारने पैशाच्या मधलं तांबं काढून घेतलंय आणि लोक तो पैसा करगोट्यात ओवून फिरताहेत.

समोर टांगा उभा आहे. टांगेवाला वळून विचारतो, “बसा की पावनं. कुटं सोडू?”

“कंपनीत,” तुम्ही म्हणता.

“कंच्या?”

हा प्रश्न १९४३ साली हिंदुस्थानातल्या फार थोड्या गावांत विचारला जातो. कोल्हापुरात ‘कंपनी’ म्हणजे सिनेमाची कंपनी, आणि ती एकच नाही. याच गावात १९१७ साली बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ केला. त्यात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या, हे त्या काळाच्या मानाने केवढं धाडस होतं. १९२९ साली ‘प्रभात’चा जन्मही इथलाच. ती १९३३ साली पुण्याला गेली, पण गाव ओस पडलं नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभं राहिलं, पाठोपाठ रंकाळ्याच्या बाजूला शालिनी सिनेटोन आलं. आता मास्टर विनायकांनी ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ सुरू केलीय. इथे सुतार, लोहार, शिंपी, पहिलवान सगळ्यांचं थोडं थोडं पोट सिनेमावर आहे. तालमीतलं पोर सकाळी जोर मारतं आणि दुपारी मावळा होऊन उभं राहतं.

“प्रफुल्लमध्ये घ्या,” तुम्ही सांगता. घोड्याची टाप वाजू लागते.

आवारात शिरल्यावर थोडं बाजूला उभे राहा. ती बघा, नऊवारी नेसलेली, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेली पंधरा वर्षांची पोर. नाव रंगू. गाव खडकलाट, आजच्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातलं, चिकोडी तालुक्यातलं. तिचं लग्नही झालंय, त्या काळी झालेलंच असायचं. तिच्या गावाने सिनेमा पाहिला तो तंबूतला. जत्रेच्या दिवसांत कापडी तंबू उभा राहायचा, मधे दोर बांधून एका बाजूला बाया आणि एका बाजूला बाप्ये बसायचे, खाली माती, आणि हलत्या पडद्यावर हलती माणसं. वाऱ्याने पडदा फुगला की राजाचं पोट फुगायचं. त्या मातीतून उठून ही पोर आज पडद्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिलीय. ओळखीच्या माणसाने शब्द टाकला, मास्टर विनायकांनी बघितलं, आणि ‘चिमुकला संसार’मध्ये तिला एक लहानसं काम मिळालं.

तिच्यापासून थोड्या अंतरावर दोन वेण्या घातलेली, तिच्याहून लहान चणीची एक मुलगी बसलीय. ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणतेय. तिचे वडील एप्रिल १९४२मध्ये गेले आणि घराची जबाबदारी तेराव्या वर्षी तिच्या खांद्यावर आली. नाव लता मंगेशकर. तीही इथे पगारावर आहे, पडेल ते काम करते, आणि मन मात्र गाण्यात आहे. दोघींकडे नीट बघून घ्या. अजून एकीचंही नाव भिंतीवरच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात लागलेलं नाही.

घंटा वाजते. सगळं आवार गप्प होतं. आर्क दिवे फुरफुरत पेटतात, त्यांतला कार्बन जळल्याचा वास नाकात शिरतो. उजेड इतका पांढरा की डोळ्यांत पाणी यावं. पण पापणी हलवायची नाही. लढाईमुळे कच्ची फिल्म सरकारी परवान्यावर मिळते, आणि एका चित्रपटाची लांबी ११,००० फुटांच्या वर न्यायची नाही, असा हुकूम आहे. चुकलेल्या प्रत्येक वाक्यागणिक फिल्म वाया जाते. रंगूला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. धान्य मोजून दळायला घेणाऱ्या घरातल्या पोरीला वाया जाणं म्हणजे काय, ते कळतं.

तुमचा टांगा बाहेर थांबलाय. आता दोनेक वर्षं पुढे चला.

१९४५. मास्टर विनायकांची कंपनी मुंबईला निघालीय. लताही त्यांच्याबरोबर गेली. रंगू कोल्हापुरातच राहिलीय आणि आता मंगळवार पेठेत भालजी पेंढारकरांच्या स्टुडिओत आहे. जुनं कोल्हापूर सिनेटोन भालजींनी घेतलं आणि आपल्या जयसिंग व प्रभाकर या मुलांच्या नावांवरून त्याचं ‘जयप्रभा’ केलं. इथे भालजींना कुणी साहेब म्हणत नाही. सगळे ‘बाबा’ म्हणतात. पृथ्वीराज कपूर याच आवारात भालजींच्या ‘महारथी कर्ण’साठी राबून गेलेत आणि ‘वाल्मीकी’साठी पुन्हा आलेत. त्यात नारदाच्या वेषात त्यांचा मुलगा दिसेल, राज.

या असल्या मोठ्या माणसांच्या गर्दीत खडकलाटची रंगू तोंड उघडते, आणि हशा पिकतो.

हा हशा जवळून ऐका. ती ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते, ‘नाही’ला ‘न्हाय’ म्हणते. सीमेवरच्या गावची बोली, तिच्या आईची आणि आजीची बोली. तिच्या गावात त्या बोलीत माणसं जन्मतात, भांडतात, रडतात, देवाला साकडं घालतात. इथे मात्र त्या बोलीवर हसतात. अंगावरची नऊवारी बघूनही हसतात. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला हे किती लागतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण तालुक्याच्या गावाहून पुण्या-मुंबईच्या वर्गात पहिल्यांदा उभे राहिले असाल, आणि पहिल्या वाक्यालाच मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं असेल. रंगूच्याही मनात येतं की गाशा गुंडाळावा आणि गावी जावं.

ती जात नाही, कारण बाबा हसत नाहीत.

भालजींनी तिच्यात काय पाहिलं, ते त्यांनी दिलेल्या नावात आहे. सुलोचना. सुंदर डोळ्यांची. हे नाव हलकं नव्हतं. मूकपटाच्या काळात रूबी मायर्स या नटीने ‘सुलोचना’ याच नावाने देशभर राज्य केलं होतं. तेच नाव त्यांनी एका खेड्यातल्या पोरीला दिलं, आणि मग त्या नावाला शोभेल अशी तयारी करून घ्यायला बसले. शब्द कुठे तोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, ‘ण’ टाळूला कसा लावायचा, ‘ळ’ कसा वळवायचा. वाच, पुन्हा वाच, मोठ्याने वाच. दुपारी कारागीर भाकरी खायला बसले की झाडाखाली पोथी वाचल्यासारखा एक आवाज ऐकू येतो. अडखळतो, थांबतो, मागे जातो, परत तीच ओळ धरतो. आवारातला हशा एक दिवस बंद झाला असं नाही. तो हळूहळू विरला, जसा तो आवाज हळूहळू स्वच्छ होत गेला.

मात्र एक गोष्ट बाबांनी तिच्यातून घासून काढली नाही. तिच्या नजरेतला गावच्या बाईचा सोसणारा शांतपणा. १९४६ साली ‘सासुरवास’ आला. नायिका, सुलोचना. थेटरात बायांच्या बाजूला बसा. पडद्यावरच्या सुनेला सासू बोलते तेव्हा ती उत्तर देत नाही, फक्त बघते. आणि तुमच्या शेजारची बाई नाकाला पदर लावते. या बाईने असंच बघितलेलं आहे, आपल्या सासूकडे, आपल्या चुलीकडे. तिला पडद्यावर पहिल्यांदा आपलं माणूस भेटलंय.

आता थोडं सांभाळून. पुढचा थांबा अवघड आहे.

१९४८, जानेवारी सरता सरता. दिल्लीत गांधीजींचा खून झाल्याची बातमी येते आणि कोल्हापुरात, साताऱ्यात, सांगलीकडे ब्राह्मणांची घरं पेटतात. मारेकरी ब्राह्मण होता, एवढंच कारण. मंगळवार पेठेच्या दिशेने धूर दिसतो. जयप्रभा जळतोय. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेटली की पाण्यानेही विझत नाही, स्वतःच्या पोटातला प्राणवायू घेऊन जळत राहते. त्या ज्वाळांत ‘मीठभाकर’ गेला. दिवसरात्र राबून केलेला चित्रपट, तयार होता होता राख झाला. ज्या दिव्यांच्या उजेडात रंगूची सुलोचना झाली, ते दिवेही त्याच ढिगाऱ्यात आहेत.

ढिगाऱ्याजवळ थोडा वेळ थांबा. जळलेल्या फिल्मचा वास आणि गावाच्या रागाचा वास वेगळा करता येत नाही. कोल्हापूरने आपल्याच हाताने आपलं वैभव पेटवलं, ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. ती सांगितली पाहिजे, कारण त्यानंतर घडलं ते तितकंच खरं आहे. भालजी गाव सोडून गेले नाहीत. कर्ज काढून, वीट वीट रचून स्टुडिओ पुन्हा उभा केला. ‘मीठभाकर’ही पुन्हा केला. एकदा मनापासून रडून झालेलं दृश्य तेवढ्याच मनाने पुन्हा रडायचं, हे नटीला विचारा किती कठीण असतं. १९४९ साली चित्रपट पडद्यावर आला. राखेतून आलेला चित्रपट आहे, हे बघणाऱ्याला कळूही नये, इतका तो नीटस होता.

यानंतर वर्षं भराभर सरतात. १९५३ साली शांताराम आठवल्यांचा ‘वहिनींच्या बांगड्या’ येतो. य. गो. जोश्यांची कथा, सुधीर फडक्यांचं संगीत, आणि वहिनी सुलोचनाबाई. घराघरांतल्या धाकट्या दिरांना आता आपली वहिनी अशीच असावी असं वाटू लागतं. पुढे याच कथेवर हिंदीत ‘भाभी की चूडियाँ’ निघाला, तिथे वहिनी मीनाकुमारी झाल्या. १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. त्यातही त्या आहेत.

त्याच सुमारास मुंबईत बिमल रॉय त्यांच्यापुढे ‘सुजाता’ ठेवतात. भूमिका आईची. हिशेब करून बघा. सुलोचनाबाईंचा जन्म १९२८चा. पडद्यावर त्यांची मुलगी होणार शशिकला, जन्म १९३२. दुसरी मुलगी नूतन, जन्म १९३६. तिशीतली नायिका, लोकांनी डोक्यावर घेतलेली, आणि समोर चार-आठ वर्षांनी लहान मुलींची आई होण्याचं काम. नायिकेचं आयुष्य तिथेच संपतं, असं सगळा धंदा मानत होता. त्यांनी काम घेतलं. कारकिर्दीत एकूण अडीचशेहून जास्त हिंदी चित्रपट आणि पन्नासच्या आसपास मराठी. ‘जॉनी मेरा नाम’मध्ये देव आनंदची आई, ‘मजबूर’मध्ये अमिताभ बच्चनची आई. देशभरातली पोरं थेटरात त्यांच्याकडे बघून आपल्या आईला पत्र लिहीत होती.

शेवटचा थांबा पुन्हा भालजींबरोबर. १९६४, ‘मराठा तितुका मेळवावा’. सुलोचनाबाई जिजाऊ झाल्यात. ‘न्हाय’ म्हणाली म्हणून जिला हसले होते, ती आता शिवबाला राज्याची भाषा शिकवतेय. आवाजात एक अक्षर अडत नाही, आणि नजर मात्र तीच, खडकलाटची. त्यानंतर महाराष्ट्राने जिजाऊ डोळ्यांपुढे आणायची म्हटलं की हाच चेहरा येत गेला. लोक त्यांना ‘दीदी’ म्हणू लागले आणि अनेकांनी पाया पडायला हात पुढे केले.

टांगा परत फिरवा. तुम्ही आजच्या कोल्हापुरात आहात. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे, त्याच्या शेजारून दुचाक्या सुसाट जाताहेत. मोरेवाडीच्या माळावर चित्रनगरी आहे, तिथे मालिकांची चित्रीकरणं चालतात. कागल, गडहिंग्लज, राधानगरीहून आलेल्या मुली हातात संवादाचे कागद घेऊन उभ्या असतात. मंगळवार पेठेतला जयप्रभा पुढे लताबाईंकडे गेला, आणि तो वाचावा म्हणून २०२२ साली कोल्हापूरचे कलावंत रस्त्यावर उतरले होते. सुलोचनादीदींना १९९९ साली पद्मश्री मिळाली, २००९ साली महाराष्ट्र भूषण मिळाला. ४ जून २०२३ला वयाच्या ९४व्या वर्षी त्या गेल्या.

त्यांची कीर्ती नशिबाने उगवली असं मला वाटत नाही. ती दोन माणसांच्या चिकाटीची आहे. एक पोर, हसले तरी गेली नाही. एक गुरू, हसला नाही आणि त्याने वेळ दिला. स्टुडिओच्या भिंती राखल्या पाहिजेत, त्या राखायला झगडलंही पाहिजे. पण त्या भिंतींच्या आत जे घडलं, ते राखायला परवानगी लागत नाही. तुमच्या वर्गात, कचेरीत, नाटकाच्या तालमीत उद्या कुणी सीमेवरची, डोंगरावरची पोर उभी राहील आणि ‘पानी’ म्हणेल. हसू नका. तिला वेळ द्या.